अण्णांची चुकलेली टीप

दार लोटून घे गं, वारा येतोय. हे माझ्या धाकट्या मेहुण्याबाबत घडलं. तो थापा मारणाऱ्यातला नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याला.

त्याचं काम कर्नलवर, म्हणजे संगणकाच्या पार गाभ्यातल्या कोडवर. कोडशेजारी माणसांसाठी टिपा लिहिलेल्या असतात. यंत्र त्या वाचत नाही. जुन्या, चुकलेल्या टिपा दुरुस्त करणं त्याच्याकडे होतं. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे अकरा. इस्पितळांतल्या यंत्रांसाठीची नवी आवृत्ती सोमवारी निघणार, म्हणून तो ऑफिसात एकटाच बसला होता.

शेवटची टीप अण्णांची. अण्णा त्यांच्यातले सगळ्यात जुने. वर्षापूर्वी त्याच मजल्यावर, काम करता करता खुर्चीतच गेले. सकाळी झाडूवाली येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

टीप होती : ‘इथे कुणी थांबलेलं नसतं.’ खालची ओळ मात्र थांबून राहिलेल्या कामाला उठवणारी. टिपेवर विसंबून उद्या कुणी ती ओळ काढली, तर ऐन वेळी यंत्र गोठणार. त्यानं दुरुस्त केलं : ‘इथे एक जण थांबलेला असतो.’

मागे खुर्ची करकरली.

वळून पाहिलं. कुणी नाही. पाणी प्यायला. उठला, बसला, पुन्हा उठला. जीव थाऱ्यावर येईना. शेवटी त्यानं जुनी टीप परत घातली.

शांत.

पुन्हा दुरुस्त केली. पुन्हा करकर… या वेळी जवळ.

त्यानं आपल्या वरिष्ठ बाईंना फोन लावला. नुसता माणसाचा आवाज हवा होता. नवी टीप वाचून दाखवली.

“बरोबर आहे. पाठव आणि घरी जा,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “तुझ्याजवळ कोण खोकतंय?”

त्यानं फोन ठेवला.

जुनी टीप ठेवली असती तर सुटला असता. पण जाणूनबुजून खोटं ठेवून जायचं कसं?

“अण्णा,” मागे न बघता तो म्हणाला, “आम्हाला उशीर झाला. उठा आता.”

टीप पाठवली.

करकर थांबली. मग पावलं… दाराकडे. जिन्यात. खाली…

तेव्हा तो आमच्याकडेच राहायचा. घरी आला तो तापानं फणफणतच. रविवारभर पडून होता. तुमची काकू, त्याची बहीण, उशाशी बसून होती.

सोमवारी बाईंचा फोन आला. मीच उचलून त्याच्या कानाला लावला. मलाही ऐकू येत होतं.

“अरे, मला ‘थांबलेला असतो’ वाचून दाखवलंस,” बाई म्हणाल्या. “मग इथे ‘थांबलेला होता’ असं का लिहिलंस?”