फलकाला पाणी

त्या दिवशी बाबा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. वाचनालय बंद करून मी नुकतीच त्यांच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर टेकले होते. रस्त्यापलीकडे, जुन्या जकातचौकीच्या भिंतीवरच्या नव्या दगडी फलकावर फलकवाले ओलं गोणपाट सारखं करत होते.

त्या तरुणाला फलकवाले हे नाव बाबांनी ठेवलेलं. गावातल्या जुन्या वास्तूंवर माहितीचे फलक लावायला त्यांना पुरातत्त्व खात्याने पाठवलं होतं. पहिल्यांदा आमच्या दारात आले ते रिकामी बादली घेऊन. सिमेंटला पाणी मारायचं होतं आणि चौकीचा नळ कोरडा.

“पंक्चरचं पाणी चालेल?” मी विचारलं होतं.

“दगड कुठे तक्रार करतोय!”

बादली देताना हाताला हात लागला... आणि चूक बादलीचीच असल्यासारखे आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

चौकीबद्दल काय लिहावं, असं त्यांनी बाबांना विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, “लिहा, इथे कधी काही घडलं नाही, म्हणून अजून उभी आहे.” ते हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रोज माझ्या परतायच्या वेळेलाच त्यांना पाणी लागू लागलं.

त्या दिवशीही ते बादली भरून घेऊन गेले. बाबांनी ट्यूब पुसली.

“सिमेंट कधीच धरलंय. हा त्या दगडाला रोज अंघोळ का घालतोय गं?”

“मला काय माहीत.”

“जन्मभर पंक्चर काढली, पोरी. हवा कुठून जाते ते कळतं मला. पुलावरचा शेवटचा फलक लागला की निघाला तो. बोल त्याच्याशी.”

“उद्या बोलते,” मी म्हटलं. विषय टाळायला.

सकाळी चहा घेऊन गेले, तर बाबा उठले नाहीत.

घर माणसांनी भरलं आणि ओसरलं. आत्या तेवढी सोबतीला राहिली. फलकवाले पहिल्या दिवशी आले, खुर्च्या मांडल्या, उचलल्या. माझ्याशी बोलायला म्हणून जवळ आले आणि दाराशी पडलेल्या चपला सरळ लावू लागले. मग आले नाहीत. येणार तरी कशाला? दुकानाचं शटर खाली होतं. चौकीवरचं गोणपाट वाळून कडक झालं. बसचा हॉर्न वाजला की मी खिडकीशी जायचे — गेले असतील? लगेच स्वतःची लाज वाटायची. बाबांची खाट अजून उचललेली नाही, आणि मी बसच्या वेळा कसल्या मोजतेय...

एके दिवशी आत्या बाजारातून सांगत आली, पुलाचाही फलक लागला म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर वर केलं. घमेल्याच्या तळाशी धूळ होती. विसळलं, काठोकाठ भरलं आणि पायरीवर बसून राहिले. पलीकडच्या थांब्यावर माणसं जमू लागली. मी रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून पाण्याकडे बघत होते.

पाण्यात सावली पडली.

“पाणी... मिळेल?”

खांद्याला प्रवासाची बॅग, हातात तीच बादली. मी ती भरून दिली आणि त्यांच्यामागोमाग रस्ता ओलांडला. त्यांनी गोणपाट सोडलं, फलकावर सावकाश पाणी ओतलं. अक्षरं काळीभोर झाली.

“हा तर कधीच घट्ट झालाय,” मी म्हटलं.

“माहीत आहे.” ते फलकाकडेच बघत होते. “साहेबांना मी फलक अजून ओला आहे असंच कळवत होतो. आता त्यांना पटत नाही.”

वळणावर हॉर्न वाजला. त्यांनी रिकामी बादली माझ्यापुढे धरली. “ही दुकानात असू द्या,” म्हणाले, पण कडी काही सोडेनात. मीही ती धरली होती.

“बाबांना मी ‘उद्या बोलते’ म्हटलं होतं,” मी म्हटलं. “तुम्ही मला आवडता. ही बस जाऊ द्या.”