दोन महिन्यांपूर्वीचं चित्र

“पोरीनं चोरी केलीय. तेवढं तिच्याकडून वदवून घ्या,” मालक वहिनींना म्हणाले.

लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या त्या कचेरीत चित्रकाराची जागा भरायची होती. सोमवारी अकरा उमेदवारांची परीक्षा झाली. बाहेरच्या खोलीत बसायचं आणि वाट पाहणारी माणसं काढायची, एवढंच. गुरुवारी कलाप्रमुखांनी नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मालकांपुढे ठेवलं. शुक्रवारी उमेदवारांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात हुबेहूब तेच चित्र निघालं, एका पोरीच्या नावाचं. आता मालक सगळ्या प्रकाशकांना पोरीचं नाव कळवणार होते. मग तिला दारात कोण उभं करणार?

वहिनींनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. स्वतःची गुप्तहेर कचेरी चालवणाऱ्या या बाईला घाई अशी ठाऊकच नाही. दोन्ही चित्रांत एक आजोबा वेताच्या खुर्चीच्या फाटक्या जाळीशी चाळा करत होते. जाळी हिरव्या सुतळीनं बांधलेली.

पोरीचे डोळे रडून सुजले होते. समोर दिसलं ते काढलं, एवढंच ती म्हणत राहिली.

बाहेर वहिनींचे दीर, म्हणजे आपले भाऊजी, ओय ओय करत उठले. खुर्चीचा वेत टोचला होता. शिपायाला हसू आवरेना. ही खुर्ची कुठली, असं वहिनींनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. सोमवारी सकाळी एक धिप्पाड उमेदवार बसला आणि कचेरीची खुर्ची मोडली, म्हणून त्यानं तेव्हाच घरून ही आणली होती. त्याच्या बायकोनं निघता निघता हिरवी सुतळी बांधून दिली.

“काय हो वहिनी, खुर्चीची कसली चौकशी?” भाऊजींनी विचारलं. त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटते.

कलाप्रमुख मात्र निवांत होते. चित्र दोन महिन्यांपूर्वीचं, त्यावर तारीख आहे, नंतर एका रेषेलाही हात लावलेला नाही, पोरीनं टेबलावर पाहिलं असणार, असं त्यांनी सांगितलं.

वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि खुर्ची मधोमध ठेवली.

“ही सुतळी सोमवारी सकाळी बांधली. दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला ती दिसली कशी?”

कलाप्रमुखांचा हात खिशातल्या खणाच्या किल्लीवर गेला. वहिनींनी त्यांच्या टेबलाचा खण उघडायला लावला. आत आधीच्या परीक्षांमधली चित्रं होती, आणि प्रत्येकाची नक्कल प्रमुखांच्या सहीनिशी. या पोरीवर आळ आला, कारण तिचं मूळ चित्र चुकून गठ्ठ्यात राहिलं होतं.

मालक ओशाळले. नोकरी तुझीच, सोमवारपासून ये, असं म्हणाले.

पोरीनं डोळे पुसले. ही नोकरी तिला हवी होती, फार हवी होती.

“आधी या खणातली चित्रं ज्याची त्याला परत करा,” ती म्हणाली. “कुणाचं चित्र कुणाच्या नावावर छापलंत तेही कळवा. मग मी येते.”

आणि ती त्याच वेताच्या खुर्चीवर बसून वाट पाहू लागली.