न सांडणारा कप

पहिल्याच भेटीत मी वाजिदच्या पांढऱ्या शर्टावर चहा ओतला. मी नाही हो… माझ्या कपानं! सांगलीच्या कॉलेजात, आमच्या प्रयोगशाळेत, मी हात थरथरणाऱ्या माणसांसाठी कप बनवत होते. कपाच्या कानातल्या सेन्सरला थरथर कळायची आणि छोटी मोटर कप उलट्या बाजूला सरकवून त्याला स्थिर ठेवायची. त्या दिवशी मोटरला जरा जास्तच चेव आला होता.

“मॅडम, टेलर हाय म्हणून शर्ट फुकट मिळत न्हाईत आमाला,” तो म्हणाला, आणि हसला. या अल्ला, काय हसला!

आष्ट्याहून तो वडिलांसाठी आला होता. चांदसाहेब चाचांचे हात थरथरायचे. शिवणकाम सुटलं होतं, आणि चारचौघांत चहा सांडतो म्हणून ते कुणाच्या घरची पायरीसुद्धा चढत नव्हते.

थरथर मोजायला आठवडाभर चाचांच्या मनगटाला बांधून ठेवलेला सेन्सर घेऊन वाजिद दर शनिवारी यायला लागला. मी आकडे बघायचे, तो मला.

“एवढ्यात संपवू नका काम,” तो म्हणायचा.

“का बरं?”

“मग यायला कारण काय सांगू…?”

एका शनिवारी मात्र त्यानं सेन्सर नुसताच टेबलावर ठेवला. मग एकदम म्हणाला, “शिफा… माझा जीव जडलाय तुझ्यावर. लय. पण मागणी घालायला अब्बा यायला पायजेत, आणि ते न्हाई म्हणत्यात. तुमच्या घरी चहा घ्यावा लागंल ना…”

मला हसू आलं, मग रडू. मुलाच्या घरचं मोठं माणूस आल्याशिवाय माझे अब्बा बोलणीच करणार नव्हते. मी हट्टालाच पेटले. मोटरचा उतावळेपणा जरा जरा कमी करत गेले, आधी पाण्यावर, मग चहावर.

शेवटी चाचा आमच्या घरी आले, अगदी ताठ बसले. हात थरथरत होता, कप मात्र शांत. एक थेंब सांडला नाही! रिकामा कप खाली ठेवून ते माझ्या अब्बांना म्हणाले, “तुमची शिफा आमच्या वाजिदला द्या.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, तसे ते हसले. “दिली!”

“पोरी, अजून चहा हाय?” चाचांनी विचारलं. “आता साध्या कपबशीत आण.”

“पण चाचा, सांडेल…”

“सांडू दे की! आता आपलंच घर हाय.”

अर्धी बशी त्यांच्या पायजम्यावर गेली. चाचा खुशाल फुरके मारत होते. वाजिद डोळे पुसत होता, आणि मीही.