दुसऱ्याचं उत्तर

पोरोट्टा आणायला निघालास, टिजो? बस रे जरा, टपरी काही पळून जात नाही. नीतू, तू चहा ओत. कोराच दे, माझ्यात साखर नको. एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हं, रतीशची आहे. इथे ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा तो.

दोन हजार एकोणीस सालचा चोवीस सप्टेंबर. मंगळवार. रात्री नवाच्या सुमाराला रतीश अन्नमनड्याला पोचला, आमच्याबरोबर काम करणाऱ्या डेव्हिसच्या घरी. काम साधंच होतं. आपले नेम सर्व्हर तेव्हाही दोन होते. कोणी वेबसाइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगायचा, एवढंच त्यांचं काम. एक पडला तर दुसऱ्यानं सांगावं म्हणून दुसरा लांब ठेवायचा. तो डेव्हिसच्या माडीवर होता. आता डेव्हिस राहिला नव्हता. एकेचाळिसाव्या दिवसाची प्रार्थनाही झाली होती. ती सर्व्हरची पेटी बंद करून इकडे आणायची होती.

डेव्हिस कसा गेला, तेही ऐका. आपण नोंदीत बदल केला की त्या दिवसाची तारीख आकडा म्हणून टाकतो, आणि तिथेच जबाबदार माणसाचं नाव असतं. आकडा वाढला तरच दुसरा सर्व्हर नवी नोंद घेतो. मागे जाऊन चालत नाही. हो रे टिजो, वळसा घालून आकडा खाली आणता येतो, मला शिकवू नकोस. पण तेवढी खटपट करतो कोण? जूनमध्ये डेव्हिसनं घाईत महिना चुकवला आणि चौदा ऑगस्ट टाकला.

मी ओरडलो, "डोळे घरी ठेवून आलास का?"

तो हसला. "असू दे हो अच्चाया! तोवर ह्या नोंदीला हात लावायला नको. मला सुट्टी!"

चौदा ऑगस्टच्या रात्री कालव्याच्या वळणावर त्याची बुलेट घसरली. चांगला पोरगा होता.

तर रतीश तिथे पोचला. डेव्हिसची बायको लिन्सी त्याला म्हणाली, "घेऊन जा चेट्टा. रात्रभर त्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकतो. हे म्हणायचे, कोणी विचारलं की उत्तर द्यायचंच, गप्प बसायचं नाही. मला आता त्या खोलीत जाववत नाही."

रतीशनं पेटी बंद केली, तारा काढल्या आणि ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली. मला फोन केला, "अच्चाया, निघालो. पोरगी जागी आहे, तिला भेटून मग पेटी आणतो." पोरगी चार वर्षांची. बाप आल्याशिवाय झोपायची नाही.

मी इथेच होतो. ह्याच खुर्चीत. सवयीनं दुसऱ्या सर्व्हरला विचारून बघितलं. बंद आहे ना, खात्री करावी म्हणून.

त्यानं उत्तर दिलं.

मला वाटलं, जुनं उत्तर कुठेतरी अडकलं असेल. म्हणून मधलं कोणी न ठेवता थेट त्याच्याच पत्त्याला विचारलं. परत उत्तर. नोंदीत नाव डेव्हिसचं असायला हवं होतं. आमच्याकडे कोणी ते बदललंच नव्हतं.

तिथे रतीशचं नाव होतं. आणि तारीख त्याच दिवसाची.

मी फोन लावला.

"रतीश, पेटी कुठे आहे?"

"मागे. का हो?"

"तार लावलेली नाही ना?"

"गाडीत कुठून तार लावू? काय अच्चाया, चढली काय?"

"गाडी थांबव. आहेस तिथेच."

"अहो, पोरगी वाट बघतेय... वळणावर आलोय. पाच मिनिटांत..."

"थांबव म्हणतो ना!"

"थांबतोच आहे. पुढे कोणीतरी हात करतंय." ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "अच्चाया... हा तर..."

पुढे काही नाही.

फोन चालू होता. पाण्याचा आवाज येत होता...

सकाळी कालव्यातून गाडी काढली. रतीश आतच होता. पेटी काठावर होती. कोरडी.

ती मी माझ्या हातांनी फोडली. तो पत्ता सगळीकडून काढून टाकला. आज त्या पत्त्यावर काही नाही. तरी मी अधूनमधून विचारतो. इतकी वर्षं गप्प होता.

आज संध्याकाळी बोलला.

हसू नकोस, टिजो. तुला उगाच नाही बसवून ठेवलं. तुझं नाव आहे तिथे. तारीख आजची. मघाशी तू हेल्मेट उचललंस, म्हणून तर गोष्ट काढली. गाडीची चावी दे इकडे. चेष्टा नाही करत मी. दे.

...हां.

किती वाजले? बारा वाजून गेले? सुटलो रे बाबा! तारीख उलटली. नीतू, आता तू विचार त्याला. थेट. मी नाही बघत. नाव कोणाचं आहे?

...टिजोचंच. बरं. आणि तारीख? कालचीच असेल ना?

नीतू... मोठ्यानं वाच.

...

चावी माझ्याकडेच राहू दे, टिजो. आकडा एकानं वाढलाय. परत आजचीच तारीख.