ताईकडे न पाठवलेली फाइल

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि काळ्या कोटातला ज्युनिअर वकील घामाने निथळू लागला. शेजारी उभी असलेली मुलगी मात्र कान लावून मोटरचा आवाज ऐकत होती. “जळलेली नाही. येईल वर,” ती म्हणाली. आणि लिफ्ट आली!

ती सरकारी पाणीपुरवठा केंद्रावर कंत्राटी पंपचालक होती. होती, म्हणजे पंधरवड्यापूर्वीपर्यंत. करारात महिन्याची नोटीस लिहिलेली असताना साहेबांनी तिला एका दुपारी नोटिशीविना घरी बसवलं होतं. ती वकील शोधत आली होती.

हे ऐकलं त्याच क्षणी त्यानं तिला ताईकडे न्यायला हवं होतं. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. शेजारच्याच खोलीत बसायची, कामगार न्यायालयातली कामं बघायची. इथे मोडला होता करार, कायदा नव्हे. आणि नुसत्या कराराच्या भांडणात उच्च न्यायालय सरकारविरुद्धची रिट याचिका सहसा ऐकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ताईकडे गेली की ती ताईची पक्षकार. म्हणून हा पठ्ठ्या बेधडक म्हणाला, कचेरी सरकारी आहे, रिट चालेल.

मग चार महिने ती येत राहिली, येताजाता शेजारच्या खोलीतल्या ताईलाही नमस्कार करायची. नखांत ग्रीसची काळी रेघ, केसांतून निसटलेली एक बट… मसुदा वाचताना ती त्याची वाक्यंच्या वाक्यं खोडायची.

“इतकं जड लिहिलंत तर न्यायाधीश झोपतील.”

“तुम्ही समोर असल्यावर कोण झोपेल…”

“काय म्हणालात?”

तो टेबलाखाली टाचणी शोधू लागला. ती हसली, आणि त्याला आणखी एक तारीख हवीशी वाटली. तिला हवं होतं तिचं काम. हा फरक त्याला दिसत होता, तरी तो डोळे मिटून बसला.

सुनावणी तीन मिनिटांत आटोपली. यात कायदा कुठे मोडला, न्यायमूर्तींनी विचारलं. तो फाइलची पानं उलटू लागला. कराराचा वाद आहे, कामगार न्यायालयात जा, असं सांगून त्यांनी याचिका निकालात काढली. तोवर तिच्या पंपावर दुसरा माणूस बसलाही होता.

कॉरिडॉरमध्ये तीच त्याची समजूत घालू लागली. तुम्ही प्रयत्न केलात, म्हणाली. ते त्याला सोसेना.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं – हे चालणार नाही. तुम्ही येत राहावं म्हणून…”

ती जिन्याकडे वळली. मग म्हणाली, “चला. हे ताईंसमोर बोला.”

तो बोलला, शब्द न गाळता. ताईनं त्याची सालटी काढली. लाज कुठे गहाण टाकलीस, हेच शिकलास का वकिली शिकून, सगळं झालं. मग फाइल ओढून घेतली आणि त्याला बाहेर हाकललं.

ती दारापर्यंत आली.

“तुम्ही मला आवडता,” तो खाली बघत म्हणाला.

“ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी येत होते ती वकील चांगला आहे म्हणून… आणि थोडी तुमच्यासाठीही. वकील तर गेला. उरलेल्याचं केस संपल्यावर बघू.”

तिनं दार लावून घेतलं. आतून ताईचा आवाज आला, “आधी हे सांग, तुला पुन्हा त्याच कामावर जायचंय ना?”

चार महिन्यांत त्यानं तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.