तीन वीत रुंद

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तवा तो मातीशी भांडून राहिला होता.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. चैत्र संपत आलेला, आमच्या कुरुंद्यात जिकडं तिकडं हळद वाळत पडलेली, अन् दिवसभर हळद निवडून माझी बोटं पिवळीधम्मक. माझे बाबा, पुंजाजी गवंडी, आमच्या वस्तीचं नवं बुद्धविहार बांधून मोकळे झाले होते, पण त्यांचा ओळंबा तिथंच राहिला होता. तो आणायला मी गेले. दारात पाय ठेवते तर आत एक उंच पोरगा, पोटऱ्यांपर्यंत चिखल, अन् ओल्या गोणपाटाखालच्या ढिगाला म्हणतोय, "काल तर बराबर होतीस. रातीतून काय झालं तुला?"

मला हसू फुटलं.

तो गर्रकन वळला. "हसायला काय झालं?"

"काही न्हाई. ती काय जवाब देते ते ऐकायला थांबले."

त्याच्या पापणीला सुद्धा माती लागली होती... अन् तरी मेला बघत राहिला. मीच नजर वळवली. हा अमृत, नांदेडचा. औरंगाबादेला मूर्तिकला शिकून आलेला. आमच्या पंचांनी पोस्टकार्ड टाकून त्याला बोलावलं होतं. आधी मातीची मूर्ती, मग तिचा साचा, अन् साच्यात सिमेंटची मूर्ती, असं त्याचं काम. वैशाखी पुनवेला ती विहाराच्या कोनाड्यात बसायची होती.

"बघायचीय?" त्यानं विचारलं, अन् गोणपाट बाजूला केलं.

अगं बाई! बुद्ध मांडी घालून बसले होते. चेहरा अजून नुसता गोळाच, पण छाती अशी, की आत्ताच श्वास आत घेतलाय. साधी ओढ्याची माती ती, आमी तिनं घरं सारवतो. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

पण शेवटी गवंड्याची लेक मी, जनका. जीव शांत झाला तशी जीभ सुटली. "माप घेतलंय का?"

"हात सांगतो तसं करतो मी. गालाला माप नसतं, बाई."

"गालाला नसल. कोनाड्याला हाये."

ओळंब्याची दोरी मी मूर्तीच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत ताणली, चिमटीत धरून कोनाड्याजवळ नेली. दोरी तीन इंच जास्त. त्याचा चेहरा उतरला.

"असं कसं? कार्डात लिवलं होतं... कोनाडा तीन वीत रुंद. मी मोजून तीन वीत केलीय!" अन् त्यानं गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत वीत टाकून दाखवली. एक, दोन, तीन. ही लांबलचक बोटं!

मी कपाळावर हात मारला. कार्ड लिहिताना पंचांपैकी किशनरावांनी बाबाला रुंदी विचारली असणार, अन् बाबानं आपला पंजा टाकून सांगितली असणार. "अवो, ती बाबाची वीत! बाबाचा पंजा माझ्याएवढा."

"दाखवा बरं."

मी तळहात उभा धरला. त्यानं आपला त्याला लावला. माझी पिवळी बोटं त्याच्या वरच्या पेरापाशीच संपली. मातीनं गार पडलेला हात होता त्याचा...

"बघितलं ना? आता काढा हात."

"तुमीच काढा."

मी काढला. पण जरा उशिराच.

संध्याकाळी पंच जमले. किशनराव म्हणाले, "त्यात काय! कोनाडा दोन्हीकडून दीड-दीड इंच तासू."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. कमान बाजूनं तासली की मधला दगड खाली येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर दुसऱ्यांची देवळं बांधली माझ्या बाबानं. कळस चढला की बाबाला दार बंद. आपल्या माणसांसाठी बांधलेली ही त्यांची पहिली कमान. तरी ते म्हणाले, "तोडा. मूर्तीपुढं कमानीचं काय एवढं."

"काहून तोडायची?" मी भर बैठकीत ओरडले. सगळे बघतच राहिले. पोरीच्या जातीनं पंचांत बोलायचं म्हणजे...

तेवढ्यात अमृत उठला. "चूक माझी हाये. कमानीला हात लावू नका. मूर्ती मी लहान करतो."

तीन दिवस तो तासत होता. गुडघे कमी केले तर खांदे जड दिसायला लागले, खांदे कमी केले तर मान उंटासारखी. चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर डोकं धरून बसलेला. "माप येतंय तर रूप जातंय, जनका. रूप धरावं तर माप हातचं सुटतंय. मी परत जातो. दुसरा कोणी बोलवा."

मला त्याचा रागही आला अन् रडूही आलं. "जाता कुठं? मोडा ती. नवी करा."

"पुन्हा हात वाहवत जाईल."

"मग हाताला कुंपण घाला!"

विहाराच्या मागं कमानीचा लाकडी फर्मा पडला होता. कमान बांधताना दगडांना खालून आधार देतात, ती फळ्यांची चौकट. कोनाड्याच्या तोंडाएवढी, तंतोतंत. ती मी ओढत आत आणली अन् मूर्तीच्या पाटाच्या मागं उभी केली. मधोमध ओळंबा सोडला. मग खराट्याच्या काड्या तोडल्या. "आधी बारीक मूर्ती करा. तिच्यात ह्या काड्या खोचू. गुडघ्याला, खांद्याला, कानाला, डोक्याच्या शेंड्याला. काड्यांची टोकं फर्म्याच्या एक बोट आत. टोकापर्यंत माती भरायची, पुढं जायचं न्हाई. दोन काड्यांच्या मधी मात्र तुमचं राज्य."

तो माझ्याकडं असा बघत राहिला... मूर्तीकडं सुद्धा तसा बघत नव्हता. "हे कुठं शिकलात?"

"बाबाजवळ. भिंत कशीबी फिरवा, दोरी हलत न्हाई."

आठ दिवस. रोज हळदीचं काम आटोपलं की मी मापं बघायला जायची. रोज तो विचारायचा, "पास का नापास?" अन् मी म्हणायची, "डावा कान बघून सांगते." चिडायचा, हसायचा, माझ्या हातची भाकर मागून खायचा.

आठव्या दिवशी दुपारी त्यानं अंगठ्यानं पापणी खाली ओढली. नुसती एवढीशी. अन् गोळ्याचा चेहरा झाला... मला वाटलं, ते आता डोळे उघडतील. खराट्याच्या काड्या, ओढ्याची माती, ह्या पोराचा अंगठा, एवढंच तर होतं तिथं. मग ही शांती आली कुठनं? माझे हात आपोआप जुळले. बघते तर अमृतनं पण जोडलेले.

"मी केलं न्हाई हे," तो हळूच म्हणाला. "खरंच, जनका... माझा हात नुसता तिथं होता."

पुनवेच्या सकाळी सहा जणांनी सिमेंटची मूर्ती उचलली. मी पदर तोंडात धरला होता. गुडघे कमानीपाशी आले, सरकले, आणखी सरकले... अन् बसले! दोन्ही बाजूला एक एक बोट जागा. बाबानं दोन्हीकडं बोट घालून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं. कमानीवरून हात फिरवला अन् तिथंच, सगळ्यांच्या पुढं, मांडी घालून बसले. आपण बांधलेल्या जागेत, आत. मी रडले, लपवायचं कशाला?

वंदना सुरू झाली. अमृत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. नवा शर्ट, पण नखांत माती तशीच.

"उद्याच्या येष्टीनं निघतो."

"बरं," मी म्हणाले.

"डोंगरकडा गावच्या लोकांनी पण मूर्ती सांगितलीय. तिथं माप कोण बघणार?"

"बघतील कोणीतरी."

"कोणीतरी नको." तो माझ्याकडं वळला. "तुमच्या बाबांशी बोललो मी काल."

"काय... काय म्हणले?"

"म्हणले, मला काहून विचारता? जिला नांदायचंय तिला विचारा."

आमच्या गल्लीत आजवर कुठल्या पोरीला कुणी विचारलं न्हवतं. हळद लागली की कळायचं, लगीन ठरलंय म्हणून. माझ्या मोठ्या बहिणीला सुद्धा बाबानं विचारलं न्हवतं.

"म्हणून विचारतो," अमृत म्हणाला. "जनका, मला तू आवडतेस. लई आवडतेस. येशील का संगट... जन्माची?"

आजूबाजूला माणसं, समोर वंदना चाललेली, हळूच बोलायला पाहिजे होतं मी. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं ना!

"व्हय!" मी म्हणाले, अन् एवढ्या मोठ्यानं म्हणाले की वंदना थांबली, अख्खी वस्ती वळून बघायला लागली, अन् सगळ्यांच्या पुढं बसलेले माझे बाबा खदखदून हसायला लागले.