फोटोत नसलेला नवरा

नागपूरच्या मेंदू-विज्ञान संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत विलास ठोंबरे डॉक्टरांशी हुज्जत घालत होते, आणि तीही कॅमेऱ्यावरून. बायकोचा मेंदू दिवसेंदिवस रिकामा होत असताना माणसाने कॅमेऱ्यावरून भांडावं, हे कोणालाही विचित्रच वाटलं असतं. पण ज्याने उभी हयात लग्नांचे फोटो काढण्यात घालवली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार?

"हे डबडं तिच्या गळ्यात अडकवायचं?" टेबलावरच्या काळ्या चकतीकडे बोट दाखवत ते म्हणाले. "चालताना हे हेलकावे खाणार. सगळे फोटो तिरके. माझ्या बायकोच्या आठवणी तिरक्या कशाला?"

डॉ. नीलोफर काझी हसल्या. त्यांनी ठोंबऱ्यांना खुर्चीवर बसवलं आणि शांतपणे पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"काका, दिवसभरात आपण जे पाहतो त्याच्या पुसट खुणा मेंदूत उमटतात. झोपेत मेंदू त्या पुन्हा पुन्हा गिरवतो, म्हणून आठवण टिकते. वैजयंतीताईंच्या मेंदूतलं हे गिरवणं बंद पडत चाललंय. आमची स्मृतिपोषक टोपी तेच काम बाहेरून करते. त्या दिवशी काढलेले फोटो टोपीला द्यायचे. ताई झोपल्या की फोटोतल्या दृश्याशी जुळणारी खूण ती मेंदूत शोधते आणि गिरवते. त्या खुणेला जे जे चिकटलेलं असेल, तेसुद्धा."

"म्हणजे?"

"आज त्यांनी मुलीला पाहिलं, तर मुलीचा चेहरा तर टिकेलच, शिवाय तिचं बाळपण, तिची शाळा, तिचं लग्न, सगळी साखळी पक्की होईल. टोपी स्वतःचं नवं काही घालत नाही. ते दृश्य पाहताना ताईंच्या मनात जे होतं, तेच ती पक्कं करते."

"मोबाइलचे फोटो चालतात?"

"नाही. आताचा मोबाइल फोटो काढत नाही, रचतो. आभाळ निळं करतो, सुरकुत्या घालवतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि फोटोतलं जुळत नाही, आणि टोपी गोंधळते. पडला तसा प्रकाश टिपणारा साधा कॅमेरा हवा."

"हेच मी इतकी वर्षं बोंबलून सांगतोय!" ठोंबरे खूश होऊन म्हणाले. "मग मॅडम, हे काम माझ्यावर सोपवा. नजरेला दिसतं तेवढाच पसारा दाखवणारं भिंग माझ्याकडे आहे. मी तिच्या खांद्याशी उभा राहीन. ती जे पाहील तेच टिपीन, आणि सरळ टिपीन."

डॉक्टरांनी मनाशी हिशेब केला. गळ्यातली चकती दिवसाला हजारो फोटो काढायची, त्यातले कामाचे यंत्र निवडायचं, आणि त्या निवडीला ना शेंडा ना बुडखा. जाणता माणूस निवड करणार असेल तर टोपीचं काम चोख होणार होतं. त्यांनी होकार दिला. त्यात त्यांचीही काही चूक नव्हती, असं मला वाटतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांतला उत्साह पाहून कोणीही होच म्हटलं असतं.

ठोंबऱ्यांनी घरी जाऊन मोठे कॅमेरे कपाटात ठेवून दिले. लग्नात मिरवायला ते ठीक, रोज खांद्यावर वागवले तर पाठ जाते, आणि ती गेलेलीच होती. त्यांनी तळहातात मावणारा मिररलेस काढला. आत आरसा नसल्यामुळे तो चपटा, सदऱ्याच्या खिशात राहणारा, आणि आवाज बंद केला की मांजरासारखा गुपचूप. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी मनगटाचा लावला, कारण गळ्यात कॅमेरा दिसला की समोरचा पोज घेतो. खिशातल्या किल्ल्यांनी भिंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून पुढे साधी पारदर्शक काच चढवली. छोटा कॅमेरा बॅटरी फार खातो, म्हणून दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि धूळ उडवायला रबरी फुंकणी. वीतभर उंचीचं तीन पायांचं स्टँडही घेतलं होतं, पण तिसऱ्या दिवशी ते खणात गेलं. हात स्थिर असताना स्टँड कशाला, हा त्यांचा युक्तिवाद.

हा सगळा खटाटोप एका भीतीपोटी होता. वैजयंती एक दिवस आपल्याकडे पाहील आणि "तुम्ही कोण?" असं विचारील, हीच ती भीती. गार्गीला, म्हणजे लेकीला, ते सांगायचे की आईला तिच्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी आठवावी, शेजारीपाजारी आठवावेत. पण खरं ते वेगळंच मागत होते. तिने आपल्याला विसरू नये, एवढंच.

आणि टोपीने कमाल केली. वैजयंतीबाईंना आधी दूधवाला आठवला, मग शेजारच्या बोबडेबाई, मग बोबडेबाईंशी झालेलं जुनं भांडणसुद्धा. गार्गी रोज संध्याकाळी धरमपेठेतून यायची, तिचा चेहरा दिसला की त्या खुलायच्या. एका रविवारी त्यांनी कोणाला काही न विचारता सांबारवडीचं सारण परतलं, पारी लाटली, आणि गार्गी ओट्याला टेकून रडली. ठोंबऱ्यांनी बायकोच्या खांद्यावरून तो फोटो काढला. फार सुंदर आला. ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, म्हणून फोटो काढताना ते जरा डावीकडे सरकले. धंद्यात हे अंगवळणीच पडतं. नवरानवरीच्या फोटोत फोटोग्राफरची सावली आली तर गिऱ्हाईक फोटो तोंडावर फेकतं. शोकेसची काच असो की आरसा, ठोंबऱ्यांचं शरीर आपोआप बाजूला व्हायचं.

पावसाळा गेला, थंडी आली. वैजयंतीबाई आता "अहो, चहा घेता ना?" असं फार मायेने विचारायच्या. ठोंबरे सुखावून जायचे. लग्नापासून त्यांनी नवऱ्याला 'अहो'च म्हटलं होतं, कधी नाव घेतलं नव्हतं. त्यामुळे त्या हाकेत काही बदललंय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. साडी बदलताना त्या खोलीला कडी लावू लागल्या, तेव्हा ठोंबरे मनाशी हसले की म्हातारपणी ही लाजायला लागली. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी गार्गीला जवळ ओढून हळूच विचारलं, "काय गं, ते गृहस्थ रोज आपल्याकडेच जेवून राहिलेत. त्यांना घरदार नाही का?"

ठोंबरे दारातच उभे होते. हातातल्या कॅमेऱ्याची चालू-बंदची कळ ते नुसतेच दाबत राहिले.

दुसऱ्याच दिवशी ते प्रयोगशाळेत हजर झाले. डॉ. काझींनी वैजयंतीबाईंना आतल्या खोलीत बसवून चेहऱ्यांची चाचणी घेतली. दूधवाला ओळखीचा होता, बोबडेबाई ओळखीच्या होत्या, जावई तर नावानिशी. ठोंबऱ्यांचा ओळखपत्रावरचा फोटो दाखवल्यावर त्यांनी सभ्यपणे मान हलवली. आमच्याकडे जेवायला असतात ते गृहस्थ, नाव काही माहीत नाही.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काका, तुमचे आजवरचे सगळे फोटो मी पाहिले. एकातही तुम्ही नाही."

"मी कसा असेन? मी काढत होतो ना!"

"तेच." त्या समोर बसल्या. "मेंदूचा एक नियम आहे. एका प्रसंगातल्या काही गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या, की त्याच प्रसंगातल्या न आठवलेल्या गोष्टी नुसत्या मागे पडत नाहीत, दाबल्या जातात. याला आम्ही स्मृतिदमन म्हणतो. गार्गीच्या लग्नाच्या आठवणीत गार्गी आहे, जावई आहेत, तुम्हीही होतात. टोपीने रोज गार्गीला गिरवलं, जावयांना गिरवलं. तुम्हाला कधीच नाही. जितकं बाकीचं पक्कं झालं, तितके तुम्ही पुसले गेलात."

"म्हणजे मी काहीच केलं नसतं तर..."

"तर त्या सगळ्यांनाच हळूहळू विसरल्या असत्या. तुम्हाला बहुधा सगळ्यात शेवटी." डॉक्टरांनी खाली पाहिलं. "आमच्या बाकीच्या रुग्णांच्या गळ्यात चकती होती. घरची माणसं आपोआप फोटोत यायची. त्यामुळे हा धोका आमच्या लक्षातच आला नाही. हाताने फोटो काढणारे तुम्ही एकटेच."

माणूस स्वतःच्या हाताने, इतक्या निगुतीने, रोज बॅटऱ्या चार्ज करून स्वतःला पुसत होता. ठोंबऱ्यांनी विचारलं, "आता मी फोटोत आलो तर?"

"धुगधुगी असेल तर खूण परत उजळेल. मुलीला फोटो काढायला सांगा. तुम्ही ताईंच्या समोर बसा. त्यांचं पूर्ण लक्ष तुमच्याकडे असू द्या. लक्ष जितकं जास्त, तितकी खूण खोल."

ते दोघंही घाईत होते, आणि घाईत माणूस ऐकलेलं-सांगितलेलं सगळं ध्यानात ठेवत नाही. डॉक्टरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोंबरे इस्त्रीचा सदरा घालून दिवाणखान्यात बसले. कित्येक वर्षांत कॅमेऱ्यासमोर बसायची सवय नव्हती, हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. गार्गी आईच्या खांद्याशी उभी राहिली. मनगटाचा पट्टा तिने दोनदा गुंडाळून घेतला होता.

"आई, यांच्याकडे पाहा बरं. हे बाबा. तुझे मिस्टर. विलास ठोंबरे."

वैजयंतीबाईंनी पाहिलं. त्या पाहतच राहिल्या. कपाळावर बारीक आठी पडली, ओठ घट्ट मिटले, नजर जराही हलली नाही. गार्गीने एकामागून एक फोटो काढले. इतक्या एकाग्रतेने आईने महिन्याभरात काही पाहिलं नव्हतं. बापलेकीला वाटलं, आठवतंय तिला.

संध्याकाळी त्यांनी फोटो टोपीला दिले. गार्गी त्या रात्री तिथेच राहिली.

सकाळी वैजयंतीबाई उठल्या तेव्हा ठोंबरे पलंगाजवळच खुर्चीवर होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. त्या ओळखीत शंकेला जागाच नव्हती.

"विलास ठोंबरे," त्या म्हणाल्या. उभ्या संसारात त्यांनी पहिल्यांदा हे नाव उच्चारलं. "आत्ता सवड झाली का?"

"वैजू..."

"गार्गीच्या लग्नात मी एकटी उभी होते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पोरगी उशाशी होती, तुम्ही नव्हतात. अंबाझरी तलावावर जाते ती एकटी, जेवते ती पोरीसोबत. मला सगळं आठवतंय. एकूण एक आठवतंय. कुठेच नव्हतात तुम्ही. आता मी बरी झाले म्हणून आलात?"

गार्गी धावत आली. "आई, असं काय बोलतेस! बाबा होते गं. प्रत्येक वेळी होते. फोटो काढत होते."

"मग एका तरी आठवणीत दिसले असते ना! तू त्यांची बाजू घेऊ नको." त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. त्या फार मनापासून रडत होत्या, आणि टाकून दिलेल्या बाईचं ते रडणं ठोंबऱ्यांना ऐकवेना.

डॉ. काझींनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"मन मोकळी जागा तशीच ठेवत नाही, काका. 'हा तुझा नवरा' म्हटल्यावर त्यांनी तुम्हाला सगळ्या आठवणींमध्ये शोधलं. तुम्ही कुठेच सापडला नाहीत. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तोच फोटो काढताना त्यांच्या मनात होता. टोपीने तो पक्का केला."

"रोज नवे फोटो काढले तर? हसतखेळत, माझ्याबरोबरचे?"

"तुमचा चेहरा दिसला की हा रागही गिरवला जाईल. रोज थोडा जास्त."

"समजावून सांगितलं तर?"

"आज पटेल. त्या समजावण्याचा फोटो काढला तरी आत राग राहीलच, आणि नाही काढला तर सकाळी काही उरणार नाही."

"पुसायची काही सोय?"

"टोपीत तशी सोय नाही," डॉक्टर म्हणाल्या. पुसायची रीत ठोंबऱ्यांना ठाऊक होती. या शहरात त्यांच्याइतकी ती कोणालाच ठाऊक नव्हती.

ते मागच्या खोलीत राहायला गेले, आणि गार्गी आईजवळ राहायला आली. दिवसभर ते बायकोच्या मागे राहायचे, तिच्या नजरेला पडायचे नाहीत, आणि तिच्या पाठीमागून फोटो काढायचे: गार्गी, बोबडेबाई, गॅलरीतली जास्वंद, अंबाझरीच्या पाण्यावरचे बगळे. कधी चुकून समोर आले, तर ती तोंड फिरवायची आणि तिचे डोळे भरायचे. सुरुवातीला रोज भरायचे. मग एक दिवसाआड. गार्गी म्हणाली, "बाबा, नका हो करू असं." ते म्हणाले, "तिला दुःख होतंय गं. ज्या गोष्टीचं होतंय ती घडलेलीच नाही. ते दुःख मी तिच्याजवळ कसं राहू देऊ?"

फाल्गुनातल्या एका सकाळी ते भाजी घेऊन परतले. किल्ली विसरली होती, म्हणून त्यांनी बेल वाजवली आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे सरकले. गार्गी दार उघडील असं त्यांना वाटलं होतं. उघडलं वैजयंतीबाईंनी. लपायला उशीर झाला होता.

त्यांनी ठोंबऱ्यांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आठी नव्हती, काहीच नव्हतं.

"कोण हवंय आपल्याला?"

ठोंबऱ्यांनी दाराची चौकट धरली.

"फोटोवाला आहे, ताई," ते म्हणाले. "गार्गीताईंनी बोलावलंय."